पडणाऱ्याची बाजू

अक्का,

परवा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझी चांगलीच फजिती झाली. चहा चालला होता. बोलता बोलता एका नव्या प्राध्यापकाला कळलं की मी टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती बघते, आणि शाळेत असल्यापासून बघत आलेय. तो आधी हसला, मग मला वाईट वाटू नये म्हणून गंभीर झाला. "मॅडम, पण ते सगळं आधी ठरलेलं असतं, माहीत आहे ना तुम्हाला?" घरातलं कुणी गेल्याची बातमी हळूहळू सांगावी, तसा त्याचा आवाज होता. माहीत आहे म्हटलं. "मग बघता काय त्यात?" पंचवीस-तीस वर्षं जी गोष्ट आवडीनं केली तिचं कारण विचारल्यावर मी बिस्किटाचा डबा त्याच्यापुढं सरकवला. धारवाडातल्या सप्तापूरच्या रस्त्यानं घरी चालत येताना वाटलं, उत्तर माझ्याकडे नाहीच. ते तुझ्याकडे होतं. तू असतीस तर पोळी उलटता उलटता त्याला सांगून टाकलं असतंस.

तुला आई म्हणायची सवय आम्हाला कधी लागलीच नाही. मामा तुला अक्का म्हणायचा, त्याचं ऐकून दादा म्हणायला लागला आणि दादाचं ऐकून मी. पुढं तर गल्लीतल्या सगळ्यांचीच तू अक्का झालीस. हुबळीच्या दुर्गदबैलातलं आपलं घर आठवतं मला. खाली अप्पांचं कापडाचं दुकान, मागं गठ्ठ्यांची खोली आणि वर आपण. खालून दिवसभर हातगाड्यांचा खडखडाट, रिक्षावाल्यांचे हॉर्न आणि अप्पांचा "बर्री, बर्री, ओळग बर्री" असा गिऱ्हाइकाला आत बोलावणारा आवाज. नव्वदीच्या सुरुवातीला केबलवाल्यानं शेजारच्या गच्चीवरून आपल्या खिडकीत काळी वायर आणून सोडली. अप्पांना बातम्या हव्या होत्या आणि दादाला क्रिकेट. तुला काय हवं होतं ते कुणी विचारलं नव्हतं. तूही काही मागितलं नव्हतंस.

मग एका रविवारी दुपारी दादा नुसता चॅनेल बदलत बसला होता. तू मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी शेंगा सोलत होतीस. पडद्यावर दोन उघडे, धिप्पाड पुरुष एकमेकांना भिडले होते. दादानं पुढचं बटण दाबलं, तशी तू म्हणालीस, "थांब. मागं घे ते." तुझा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तू सूप बाजूला ठेवलंस, पुढं सरकलीस आणि अगदी टीव्हीजवळ जाऊन बसलीस. त्यातल्या एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेऊन आपटलं, आणि तू हळूच, स्वतःशीच म्हणालीस, "हां... म्हणजे धोबीपछाड असा असतो होय."

हे वाक्य कळायला मला बरीच वर्षं लागली. तुझे वडील निपाणीकडे तालीम चालवायचे, वस्ताद होते, एवढं आम्हाला माहीत होतं. पण तू त्या तालमीत एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतंस हे माहीत नव्हतं. तालमीत मारुती होता, बायकांची सावलीसुद्धा आत चालत नसे. तुमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत तीच तालमीची भिंत. तिकडं मल्ल घुमायचे आणि इकडं तू पाट्यावर त्यांच्या थंडाईचे बदाम वाटायचीस. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट, ही डावांची सगळी नावं तुला भिंतीतून ऐकून पाठ होती. नुसत्या धप्प आवाजावरून कोण वर आहे आणि कोण खाली, ते तू ओळखायचीस. पण डोळ्यांनी कुस्ती तू पाहिली ती लग्न होऊन, दोन मुलं झाल्यावर, हुबळीत, तीही अमेरिकेतली. वस्तादाची लेक असून.

त्यानंतर रविवार दुपार तुझी झाली. आधी आमटी-भात उरकून घ्यायचीस, शेगडीवर पाणी ठेवायचीस आणि पदर खोचून बसायचीस. इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून तू प्रत्येकाला आपलं नाव दिलंस. दाढीवाला, दंड फुगलेला तो लोहार. चमचमता कोट घालून फुलं उधळत यायचा तो नवरदेव. पहिलवानाच्या मागून सूट घालून येऊन पंचाचं लक्ष दुसरीकडे वळवणारा तो दलाल. असले अप्पांच्या दुकानात रोज येतात म्हणायचीस. आणि एक होता विटक्या हिरव्या पोशाखातला, जो दर आठवड्याला कुणाकडून तरी मार खाऊन हरायचा. त्याला तू नुसतं हिरवा म्हणायचीस. आमचं सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडे असायचं, तुझं हिरव्याकडे.

तुझी मतं पक्की होती. नुसती उंची आणि वजन असलेल्यांना तू मोजायचीच नाहीस. "ज्वारीचं पोतंसुद्धा उभं केलं तर उभं राहतं," म्हणायचीस. कुणी लोखंडी खुर्ची उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घातली की तू तोंड फिरवायचीस. "खुर्ची बसायला असते. ही कुस्ती नव्हे, ही भाऊबंदकी." पंच नेमका नको तेव्हा पाठ करून उभा राहायचा, त्याच्यावर तर तुझा दात होता. आणि बायका आल्या की तू उठून स्वयंपाकघरात जायचीस. तेव्हा त्यांना यायला मिळायचं ते एखाद्याचा कोट धरायला, नाहीतर दोन मिनिटं एकमेकींच्या झिंज्या ओढायला. मी एकदा म्हटलं, "अक्का, बायकांची कुस्ती आहे, बघ की." तू आतूनच म्हणालीस, "त्यांना कुस्ती कुठं करू देतात गं? नुसतं उभं करतात. मला नाही बघवत."

एकदा सप्तापूरची आत्या आली होती. तिचे यजमान प्राध्यापक, तिच्या घरी गाणं आणि पुस्तकं. तिनं टीव्हीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "वहिनी, शोभतं का हे? उघडे पुरुष बघत बसायचं, तेही मुलांसमोर?" अप्पा खाली मान घालून सुपारी कातरत होते. मला वाटलं आता तू टीव्ही बंद करशील. तू म्हणालीस, "वन्सं, वस्तादाची लेक आहे मी. आमच्या अंगणात दोरीवर साड्या कमी आणि लंगोट जास्त वाळायचे. त्याचं काय कौतुक?" आणि मग तिला हातानं जवळ ओढून, "बसा की. हा हिरवा बघा, आता कसा पडतो ते." आत्या बसली नाही. पण उभ्या उभ्या तिनं ती कुस्ती संपेपर्यंत पाहिली, हे मी पाहिलंय.

पुढं माझं हाड मोडलं. मी गठ्ठ्यांच्या खोलीत गेले, सगळ्यांत वरच्या गठ्ठ्यावर चढले आणि खाली पसरलेल्या पोत्यांवर नवरदेवासारखी उडी घेतली. हात टेकवला आणि खांद्याजवळचं हाड कडकन गेलं. गल्लीत बोभाटा झाला. पोरगी असून असलं धाडस, आणि हे शिकली कुठं, तर आईच्या मांडीवर बसून टीव्ही बघून. अप्पा रागवणारे नव्हते, त्यांनी नुसतं केबलवाल्याला बोलावून वायर काढायला सांगितली. पुढचे रविवार तू शेंगा सोलल्यास, पापड लाटलेस, आणि दुपारी घरात कसला म्हणून आवाज नव्हता. मला पट्टा बांधलेला होता, मला वाटायचं तू माझ्यावर रागावली आहेस.

हाड जुळलं, पट्टा सुटला, त्यानंतरची एक दुपार आहे. मी शाळेतून आले तर मधल्या खोलीत घरातल्या सगळ्या गाद्या आणि गोधड्या एकावर एक. तू म्हणतेस, "ये इकडं. उड्या मारायच्याच आहेत ना? मग आधी पडायला शिक." मी हसतेय. तू हसत नाहीस. साडीचा काचा मारतेस, गाद्यांकडे पाठ करून उभी राहतेस आणि मला सांगतेस, "हात कधीच टेकवायचा नाही. हात टेकला की मोडला. हनुवटी गळ्याला लाव. पाठ गोल. जमीन यायच्या आधी श्वास सोड, आणि दोन्ही तळवे पसरून आपट, म्हणजे मार पाठीला एकटीला बसत नाही." एवढं बोलून तू, दोन मुलांची आई, डोक्याला तेल लावलेली, गळ्यात मंगळसूत्र, सरळ मागं पडतेस. धप्प. बांगड्या खळ्ळ करून वाजतात. मी घाबरून ओरडते. तू पडल्या पडल्या वर बघून म्हणतेस, "मान आत, श्वास सोड. जन्मभर हेच ऐकलंय त्या भिंतीतून. बरोबर ऐकलं होतं म्हणायचं."

म्हणजे तूही पहिल्यांदाच पडली होतीस. तोवर कुणीच तुला पाडून दाखवलं नव्हतं. नुसत्या ऐकलेल्या शब्दांवर भरवसा ठेवून तू अंग सोडून दिलंस.

आणि तेवढ्यात अप्पा चहाला वर आले. दारात उभे. बायको काचा मारून गाद्यांवर आडवी, मुलगी बाजूला टाळ्या वाजवतेय. "हे काय चाललंय?"

"पोरीला पडायला शिकवतेय," तू म्हणालीस.

अप्पांनी आधी तुला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "लागलं का?"

"नाही हो. नीट पडले."

अप्पा उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. त्यांना असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खालून गिऱ्हाइक हाका मारत होतं, तरी ते उठेनात. मग त्यांनी तुला हात देऊन उठवलं आणि मला म्हणाले, "पडायचं तर अक्कासारखं पडावं." त्या आठवड्यात खिडकीत काळी वायर पुन्हा आली. कुणी मागितली नव्हती.

दादा धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात उमेदवारीला लागला, धारवाडला खोली घेऊन राहायला लागला, आणि बाहेरचं जग बघून आलेल्या माणसासारखा घरी यायला लागला. एका रविवारी तो आपल्यात बसला आणि म्हणाला, "अक्का, तुला सांगू का? हे सगळं खोटं असतं. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. आमच्यातल्या एकानं मासिकात वाचलंय." मी त्याला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. तू पडद्याकडेच बघत होतीस. हिरवा नेहमीसारखा मार खात होता.

"आधी ठरलेलं असतं म्हणजे," तू विचारलंस, "हरणाऱ्यालाही माहीत असतं?"

"हो तर. त्याला सांगितलेलंच असतं."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

"आणि तरी येतो?"

दादाला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "येणारच. पगार मिळतो ना." तू मान हलवलीस. "जत्रेत दोड्डाटाचा खेळ होतो, त्यात भीम दुर्योधनाच्या मांडीवर गदा घालतो. ते ठरलेलंच असतं. भीमाचं काम कुणीही करील रे. दुर्योधनाला नीट पडावं लागतं, तर भीम भीम दिसतो." आणि मग हिरव्याकडे बोट दाखवून, "बघ त्याला. त्या पोत्याला अंगावर घेतलं, स्वतः खाली गेला आणि त्याला खरचटूसुद्धा दिलं नाही. हा मोठा. तो नवरदेव काय, नुसता कोट." अक्का, परवा स्टाफरूममध्ये हे मला सुचायला हवं होतं.

मला नोकरी लागली आणि मीही धारवाडला आले. माझ्या वर्गात एक मुलगी होती, जवळच्याच खेड्यातली, कान सुजून पाकळीसारखे मिटलेले. शेवटच्या बाकावर बसायची, परीक्षेत जेमतेम पास व्हायची. ती कुस्ती खेळते हे कळल्यावर मी तिला तुझी गोष्ट सांगितली, ती भिंतीची. ती तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. मग एक दिवस वर्गाबाहेर वाट अडवून म्हणाली, "मॅडम, नम्म जात्र्याग कुस्ती अद. निम्म अव्वार्न कर्कोंड बर्री." त्यांच्या जत्रेत कुस्त्या होत्या, मुलींच्याही होणार होत्या, आणि तुला घेऊन यायचं होतं. तोवर तुझं साखरेचं दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. पाय सुजायचे. अप्पा म्हणाले, "एवढ्या उन्हात कशाला?" तू इरकल साडी नेसून तयार होऊन बसली होतीस, तेव्हा त्यांनी पुढं काही विचारलं नाही, रिक्षा बोलावली.

मैदान म्हणजे शेतातच केलेला हौद. लाल माती, त्यात ताक, तेल आणि हळद कालवलेली, त्याचा वास रस्त्यापासूनच येत होता. तू रिक्षातून उतरलीस आणि तिथंच थांबून श्वास घेतलास. बायकांना बसायला एका बाजूला ताडपत्रीची सावली होती. आधी पुरुषांच्या जोड्या झाल्या. खरं सांगते अक्का, मला कंटाळा आला. टीव्हीवरच्या कुस्तीची सवय झालेली. इथं दोघं एकमेकांच्या मानेला हात घालून कितीतरी वेळ नुसते उभे. काहीच घडत नाही असं वाटायचं, आणि मग डोळा लवायच्या आत संपून जायचं. मी तुझ्याकडे पाहिलं तर तुझे डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली. "अक्का, बरं वाटत नाही का? निघूया?"

"गप गं," डोळे न उघडता तू म्हणालीस. "डावीकडचा खाली जाणार आता. त्याचा श्वास तुटलाय."

गेला तो. लोक उठून ओरडायला लागले तेव्हा तू डोळे उघडलेस. मी विचारलं, "इतक्या वर्षांनी खरी कुस्ती बघायला मिळाली, तर डोळे मिटून काय बसलीस?" तू जराशी लाजलीस. "मला अशीच येते ती."

मग माझ्या विद्यार्थिनीची कुस्ती लागली. त्या वेळी मात्र तू एकदाही डोळे मिटले नाहीस. माझा हात धरलास आणि तिची पकड बसली की तुझी पकड घट्ट व्हायची. दावणगेरेकडची एक पोर होती समोर, चपळ. आपली मुलगी चांगली लढली, पण हरली, पाठीवर चित झाली. टाळ्या पडल्या त्या दुसरीला. ही हौदातून उठून थेट आपल्याकडे आली, डोळ्यांत पाणी, पाठभर लाल माती. कुस्तीत पाठीला माती लागणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. ती पुसायची सोडून ती तुझ्यापुढं खाली मान घालून उभी राहिली. तू तिला वळवलंस, इरकलच्या पदरानं तिची पाठ पुसायला लागलीस, सावकाश, मुलाला न्हाऊ घातल्यावर पुसतात तशी. "छलो बिद्दी नोड, मगळ," म्हणालीस. चांगली पडलीस बघ, पोरी. "मान आत होती. काही मोडलं नाही. उद्या पुन्हा उभी राहशील." परत येताना रिक्षात पदराचा तो लाल झालेला भाग तू मांडीवर घेऊन बसली होतीस. ती साडी मी नंतर धुवायला घेतली, तर म्हणालीस, असूदे.

त्यानंतर डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा हुबळीच्या दवाखान्यात जायचं, हाताला नळ्या लावून तासन्‌तास पडून राहायचं. तिथं टीव्ही नव्हता. मी घरी कुस्ती बघून यायचे आणि तुला सांगायचे. कोण कुठून आला, दलालानं काय केलं, पंच कुठं बघत होता. तुझी एकच अट होती, शेवट आधी सांगायचा नाही. मी घाई केली की मोकळा हात वर करून थांबवायचीस. हळूहळू आजूबाजूच्या खाटांवरचे लोकही कान द्यायला लागले. एक म्हातारे मास्तर होते, एक भाजीवाली होती, त्यांना इंग्रजी कुस्तीतलं काही कळत नव्हतं, म्हणून मी निम्मं कानडीत सांगायला लागले. नर्स सुई लावता लावता थबकायची. "आम्याले एनात्री?" पुढं काय झालं? मी थांबले की सगळी खोली विचारायची, आम्याले एनात्री. नंतर नंतर मी त्या आठवड्यात काही चांगलं झालेलं नसेल तर जुनी कुस्ती सांगायचे, हिरव्याची. तू गेलीस त्या आठवड्यातही मास्तरांनी मला दवाखान्याच्या दारात विचारलं, आज कोणती? आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली आणि मला जवळ घेतलं.

आता तुला इकडची बातमी सांगते. कुस्ती बदलली. आजची पोरं हवेत जे करतात ते आपल्या नवरदेवाला स्वप्नातसुद्धा जमलं नसतं. गिरक्या काय, कोलांट्या काय. पण मला एक आवडत नाही. पडलेला लगेच उठतो. आपल्या वेळी पडलेला माणूस पडून राहायचा. त्याच्या पाठीचं दुखणं आपल्या पाठीत यायचं, तो एका कोपरावर उठायचा प्रयत्न करायचा, पुन्हा खाली जायचा, आणि आपण उंबऱ्यावर बसून "ऊठ रे, ऊठ" म्हणायचो. आता तेवढी कुणाला उसंत नाही. शिवाय आता कुणी काही लपवत नाही. पहिलवान स्वतःच मुलाखती देऊन सांगतात, अमुक डाव कसा बसवला, तमुक कुस्ती कुणी ठरवली. माझा त्याला विरोध नाही. पण आपल्याला जे दादाच्या तोंडून ऐकावं लागलं, त्यानं आपलं काही बिघडलं नव्हतं, उलट तू एक पायरी वर गेलीस. आजच्या पोरांना ती पायरी चढायला मिळत नाही, ती आधीच वर बसलेली असतात.

चांगलंही खूप आहे. डोक्यात खुर्च्या घालणं जवळजवळ बंद झालं. बरंच उशिरा झालं, तोवर आपल्या वेळचे किती जण अकाली गेले. लोहार तर साठीही न गाठता गेला. आणि बायका. अक्का, आता बायका शेवटची कुस्ती लढतात, सगळ्यांत मोठी, जिच्यासाठी लोक थांबतात ती. अर्धा तास लढतात. रक्ताघामानं माखतात. त्यांना नुसतं उभं करत नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हटलं, आता ये बाहेर.

आणि नवरदेव म्हातारा झाला. त्याची एक मुलाखत पाहिली. गुडघे गेलेत, खुर्चीतून उठताना हात द्यावा लागतो. त्याला विचारलं, तुझी सगळ्यांत चांगली कुस्ती कुठली? त्यानं कुणा मोठ्याचं नाव नाही घेतलं. हिरव्याचं घेतलं. म्हणाला, त्याच्यासमोर उभा राहिलो की मला कधी भीती वाटायची नाही, कारण मी कसाही आलो तरी तो मला सांभाळून घ्यायचा. मी दादाला फोन केला. दादा आता पन्नाशीला आलाय, त्याचे केस गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का बरोबर होती की गं." बस, एवढंच.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. त्या नव्या प्राध्यापकाला तर नाहीच, त्याला मी सोमवारी दोड्डाटाची गोष्ट सांगेन. आज मोठी कुस्ती आहे, बायकांची, वर्षभर जिची चर्चा चाललीय ती. तिकडं ती होऊनही गेली असेल, मी थोड्या वेळानं लावणार आहे. तू गेल्यापासून मला एक खोड लागलीय. शेवट माहीत नसताना कुठलीच कुस्ती बघवत नाही. आधी फोनवर निकाल वाचते आणि मग बघायला बसते. आज ठरवलं होतं की तुझ्यासारखं बघायचं, काही न वाचता. तुला हे लिहिता लिहिता मध्येच उठले आणि वाचून आले.

कोण जिंकली, ते तुला सांगत नाही.